ती शिवण नव्हती, काका

काका, माणसं अजून येतायत. दारात चपला काढतात, तुमच्या खुर्चीकडे बघतात, तिच्यात बसावं की नाही ते कळत नाही म्हणून उभीच राहतात. मग काकू म्हणते, "बसा बसा. ते काही भूत होऊन तिथं बसणार नाहीत. त्यांना भुतं मान्य नव्हती." सगळे हसतात. जरा वेळ गेला की काकू शिवणीची गोष्ट काढते. रानमाणसाचा व्हिडिओ आला होता, आख्ख्या म्हैसूरला त्यात प्राणी दिसला, आणि तिला एकटीला त्या प्राण्याच्या कमरेतली शिवण दिसली. "ह्यांनी पत्रकावर माझं नाव घातलं," ती सांगते. "ह्यांची बायको म्हणून नाही. नुसतं माझं नाव."

मी आत चहा करत असते. ती शिवण नव्हती हे तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. आता ते धरून बसलेली मी एकटीच उरले आहे.

तुमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाच्या उरलेल्या लोकांनी मला तुमच्यावर लिहायला सांगितलंय. जन्म, शिक्षण, दुकान, समाजकार्य. ते मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात तुम्ही कुठंच नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्ध्या भांडणातून उठून जायची तुमची सवय मला कधीच आवडली नाही.

शाळेत माझं सगळं कन्नड आणि इंग्रजी. घरात मराठी, तीही निम्मी कन्नडच. मला मराठी वाचायला शिकवली ती तुमच्या पत्रकांनी. भानामतीतून मी 'भ' शिकले, ढोंगातून 'ढ'. दुकानातल्या कातरकामाच्या टेबलाखाली गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे असायचे, त्यांच्यावर मी दुपारची झोपायचे. अंगात येणं, ग्रहणातली बंधनं, पाण्यातून दिवा पेटवणारे बाबा. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तुमची तीच ओळ: आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. इतर मुलांना शुभं करोति यायचं, मला ती ओळ यायची.

आणि तुमचं नाव पांडुरंग. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठल आणि शिलाई मशीन ही दोनच दैवतं, त्यातलं एक तुम्ही सोडलंत. काकूने सोडलं नाही. रोज सकाळी ती विठ्ठलाच्या देवळात आत जायची आणि तुम्ही बाहेर पायरीवर पेपर वाचत बसायचात. कुणी टोमणा मारला तर म्हणायचात, "देव तिचा, पेपर माझा. घर दोघांचं." मला वाटायचं, जगातली सगळी नवरा-बायको असंच करत असतील.

मग दसऱ्याच्या प्रदर्शनात तो तंबू आला. मी तेव्हा दुसरीत-तिसरीत असेन. तंबूत एक टीव्ही, बाकडी, आणि हातात काठी घेतलेला एक माणूस. टीव्हीवर अमेरिकेतलं बर्फ. आपण कुणी बर्फ बघितलेलं नव्हतं, त्यामुळे आधी तेच खरं वाटेना. त्या पांढऱ्या उतारावरून काहीतरी काळं, केसाळ, माणसासारखं दोन पायांवर चालत गेलं. मधेच थांबलं. आपल्याकडे बघितलं. मग काळ्या झाडांच्या रांगेमागे गेलं. काठीवाला म्हणाला, तिकडे याला सॅस्क्वॉच म्हणतात, आणि हुणसूरच्या पलीकडच्या रानात हाच आपला रानमाणूस आहे, लाकडं आणायला गेलेल्या बायकांना विचारा. बाहेर निघताना तो रानमाणसाच्या केसाचे ताईत विकत होता.

मला कुणी कधी विचारलं नाही, म्हणून आत्ता सांगते. मी फार घाबरले होते. अंधार पडला की मी मागच्या दारी जात नव्हते. न्हाणीतलं काळं पिंप मला त्याच्यासारखं दिसायचं. तुमच्या पत्रकांनी भुतं घालवली होती, पण हे भूत नव्हतं. हा प्राणी होता. प्राणी असू शकतो. तुमच्याच घरात वाढल्यामुळे मला तेवढं कळत होतं.

तुम्ही त्या माणसाकडून सीडी विकत आणलीत आणि घरच्या टीव्हीवर लावलीत. "पहिला प्रश्न," बोट वर करून तुम्ही म्हणालात. "हे काढलं कुणी?"

"गोत्तिल्ला," काकू आतून म्हणाली. माहीत नाही.

"कुठं काढलं?"

"गोत्तिल्ला."

"कधी काढलं?"

"अहो, त्या काठीवाल्याला विचारा की. मी कांदा चिरतेय."

मग तुम्ही त्याची उंची मोजायला बसलात. टीव्हीच्या काचेला शिलाईची टेप लावून प्राणी मोजलात, झाड मोजलंत, पण मुळात झाड केवढं ते कुणाला माहीत होतं? मग चाल. तो गुडघे वाकवून चालत होता, तुम्ही खोलीभर तसे चालून बघितलंत आणि कंबर धरून बसलात. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आली.

"थांबवा. मागे घ्या. अं हं, एवढं नाही. तिथं."

चित्र थांबलं. तिने टेबलावरचा निळा खडू उचलला आणि टीव्हीच्या काचेवर, त्या काळ्या आकृतीच्या कमरेपाशी, आडवी रेघ मारली. तिच्या रेघेच्या अगदी वर दुसरी एक फिकट रेघ होती. ती प्राण्याच्या अंगावर होती.

"हा जोड आहे," काकू म्हणाली.

"सावली असेल."

"सावली एवढी सरळ पडते? अहो, मानेपासून पावलापर्यंतचा अंगरखा एकसंध शिवून दाखवा मला. माणूस आत शिरणार कुठून? वर सदरा, खाली विजार, मधे जोड. कुठलाही शिंपी असाच शिवणार. अमेरिकेतला शिंपी काय आभाळातून पडला?"

तुम्ही टीव्हीला नाक लावून बघत राहिलात. मग तिच्याकडे बघितलंत. तुम्ही तिच्याकडे तसं बघितलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

पण नुसतं बघून पत्रक काढायचं नाही, करून बघायचं, ही तुमची पद्धत. काकूने काळ्या घोंगडीचा अंगरखा शिवला, वर सदरा, खाली विजार, कमरेत जोड. गच्चीवर आपण बर्फ म्हणून मांजरपाट अंथरला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या माणसाचा कॅमेरा आणला. आणि म्हैसूरच्या भर उन्हात तुम्ही घोंगडीत शिरलात आणि मांजरपाटावरून गुडघे वाकवून चालू लागलात. पलीकडच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बाई "अय्यो देवरे" म्हणत ताट टाकून खाली पळाल्या. तुम्ही मधेच थांबलात, माझ्याकडे वळलात, तस्सं, टीव्हीतल्यासारखं, आणि घोंगडीतून तुमचा आवाज आला, "उमे, ताक आण ग. मरतो मी."

मी इतकी हसले की मला उचकी लागली. त्या संध्याकाळी मी एकटी मागच्या दारी गेले. पिंप म्हणजे पिंप होतं.

फोटोत तुमच्या कमरेत तशीच फिकट रेघ दिसत होती. तिथंच.

'रानमाणसाची शिवण' हे आपलं सगळ्यात गाजलेलं पत्रक. मराठीत आणि कन्नडमध्ये. तंबूसमोर उभं राहून आपण वाटलं. काकू चांगली साडी नेसून आली होती. काठीवाला बाहेर आला आणि तुम्हाला म्हणाला, "तुम्ही कोण मोठे शास्त्रज्ञ? शिंपीच ना?" तुम्ही म्हणालात, "शिंपीच. आणि मला नाही दिसलं, हिला दिसलं." लोक हसले, मग काकूकडे बघायला लागले. चार-पाच दिवसांत त्याने ताईत विकणं बंद केलं आणि मग तंबूही उठला. देवळात बायका काकूला बोलावून बोलावून विचारायच्या. उभा जन्म ब्लाउज शिवले तिने, काका, आणि कुठल्याही ब्लाउजवर तिचं नाव नव्हतं. या कागदावर होतं.

पुढं मी तुमच्याबरोबर लिहू लागले. नोकरी हूटगळ्ळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात, पण खरं काम तुमच्या टेबलाशी. काकूचे डोळे काचबिंदूने गेले. आधी सुईत दोरा जाईना, मग सुईच दिसेना, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मशीन तिने स्वतःच्या हाताने कापडाने झाकून टाकलं. त्या दिवशी तुम्ही दुकानातून घरी जेवायला आला नाहीत.

मग तोच व्हिडिओ मोबाईलवर फिरत परत आला. मी म्हटलं, शिवणीचं पत्रक नव्याने काढू. म्हणून जुनी सीडी कॉम्प्युटरवर लावली आणि एकेक चित्र पुढं सरकवत गेले. तो काळा आकार बर्फावरून चालतोय, कमरेत फिकट रेघ आहे. कॅमेरा हलला, आकार खाली गेला, आणि रेघ त्याच्या छातीवर आली. मी थांबले. मागे घेतलं, परत बघितलं. पुढं तो झाडांमागे गेला. तो दिसेनासा झाला आणि रेघ तिथंच राहिली, झाडांच्या काळ्या अंगावर, त्याच उंचीवर. बर्फ पांढरं म्हणून बर्फावर ती कधी दिसलीच नव्हती. काळं काही मागे आलं की दिसायची. सीडी ज्या जुन्या टेपेवरून केली होती, त्या टेपेला पडलेली घडी. रानमाणसाशी तिचा काही संबंध नव्हता.

आपलं चुकलं कुठं तेही मला तेव्हाच कळलं. आपण चित्र थांबवून बघितलं होतं. शिंपी कापड टेबलावर पसरून, हाताने सपाट करून बघतो; हलत्या कापडाला कोण कात्री लावतं? आणि जोडाशिवाय अंगरखा होत नाही हे आपल्याला इतकं पक्कं माहीत होतं की रेघ दिसल्यावर ती जोडाशिवाय दुसरं काही असू शकते हे आपल्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या कुणी रेघ बघितली असती तर म्हटलं असतं, टेप खराब आहे.

तुम्हाला मी देवळाच्या पायरीवर सांगितलं. काकू आत होती. तुम्ही पेपरची घडी घातलीत, माझा मोबाईल हातात घेतलात. "परत लाव," म्हणालात. "परत." मग बराच वेळ आत चाललेलं भजन ऐकत बसलात. भजन ऐकणारे तुम्ही.

"बरोबर आहे तुझं," म्हणालात.

"मग दुरुस्तीचं पत्रक मी लिहिते. संध्याकाळपर्यंत देते."

"होगली ग." जाऊ दे.

"जाऊ दे म्हणजे?"

"माणूसच असणार तो. शिवण असो, नसो."

"असणार? कशावरून?"

"दुसरं काय असणार, उमा?"

"काका, हे कोण बोलतंय?"

"हळू. आत ऐकू जाईल."

तेव्हा मला कळलं. तुम्ही पायरीकडे बघत म्हणालात, "तिला आता काही दिसत नाही. जे एकदा दिसलं होतं, ते तरी राहू दे की तिच्याकडे."

"मग त्या काठीवाल्यात आणि आपल्यात फरक काय?"

"तो ताईत विकत होता."

"आपण शिवण वाटली. फुकट वाटली, एवढाच फरक."

तुम्ही हसला नाहीत, रागावला नाहीत. म्हणालात, "तू फार चांगलं लिहितेस. तुला नीट लिहिता आलं नसतं तर बरं झालं असतं." काकू बाहेर आली, आपल्या दोघांच्या हातावर साखरफुटाणे ठेवले आणि म्हणाली, "काय तंटा चाललाय?"

"राजकारण," तुम्ही म्हणालात.

काका, माझ्यासमोर तुम्ही बोललेलं ते पहिलं खोटं. ते फार छोटं होतं. मला अजून पचलेलं नाही.

त्यानंतर आपण किती भांडलो. तुम्ही म्हणायचात, मानणारे लोक आनंदाने नाचतील, म्हणतील, बघा, शिवण नव्हती, म्हणजे प्राणी होता. मी म्हणायचे, म्हणू देत. शिवण नाही म्हणून प्राणी ठरत नाही, आणि आपल्याला शिवण हवी होती म्हणून माणूस ठरत नाही. तुम्ही म्हणायचात, हे लोकांना कळतं का? मी म्हणायचे, कळतं असं तुम्हीच म्हणायचात, नाहीतर एवढे कागद छापले कशाला? मग तुम्ही उठून दुकानाच्या बाहेर जायचात आणि रस्त्यावरच्या कुणाशी तरी पावसापाण्याचं बोलायला लागायचात.

दवाखान्यात तुम्ही स्वतःच व्हिडिओ मागितलात. नाकात नळी होती. बर्फावरचा तो जीव तुम्ही शेवटपर्यंत बघितलात, मग म्हणालात, "शिवण गेली. आता आपल्याकडे काय उरलं?"

मी सांगितलं. काढणारा माहीत नाही. जागा माहीत नाही, म्हणून झाड मोजता येत नाही, म्हणून त्याची उंची सांगता येत नाही. कॅमेरा किती वेगाने चालला होता माहीत नाही, म्हणून तो जड होता की हलका, हे चालीवरून सांगता येत नाही. मूळ टेप नाही. आपण बघतो ती नकलेची नक्कल. इंटरनेटवर शोधून एक स्वच्छ नक्कल मिळाली, तीही नकलेचीच, फक्त घडी नसलेली. केस खरे की लोकर, हे इतक्या लांबून कुणालाच कळणार नाही.

"म्हणजे?"

"सांगता येत नाही."

"कधीच नाही?"

"ती जागा, तो कॅमेरा, तो माणूस, यातलं काही सापडलं नाही तर कधीच नाही. आणि ते सापडणार नाही."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "तुला काय वाटतं ग? पत्रकातलं नको. आपलं असंच, मनातलं."

मी म्हटलं, "वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, काका."

तुम्ही मान हलवलीत. ते आपलं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर श्वासाशिवाय दुसऱ्या कशाला तुम्हाला सवड झाली नाही. उत्तर चुकीचं नव्हतं, तुम्हीच शिकवलेलं होतं. पण तुम्ही पुरावा मागत नव्हतात. तुम्हाला सोबत हवी होती बहुतेक, त्या बर्फावर. मी मनातलं सांगितलं असतं तर ते हे होतं: मला तो प्राणी वाटतो की माणूस, हे मला खरंच ठाऊक नाही, पण त्या दिवशी घोंगडीतून तुम्ही ताक मागितलंत आणि माझी भीती गेली, ती परत आली नाही. खोट्या शिवणीने माझी खरी भीती घालवली. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुमचे उपकार मानायचे तर कशाबद्दल मानू?

इकडे शिवण आपल्याशिवाय चालली आहे. परवा हुणसूरच्या बसमधून रोज येणाऱ्या ऑफिसातल्या एकाने मला कन्नडमध्ये निरोप पाठवला: रानमाणसाच्या कमरेवर लाल बाण, आणि खाली लिहिलंय, म्हैसूरच्या शिंप्याने भांडाफोड केली, पुढे पाठवा. तुमचं नाव नाही, काकूचं नाही. मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं, बाण जिथं आहे तिथं टेपेची घडी आहे, झाडांवर बघ. त्याने अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच बाण त्याने आणखी एका गटात टाकला.

मंडळाच्या सभेत मी दुरुस्तीचा विषय काढला. जयसिंगरावांनी, ज्यांचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते हे आपल्याला प्रत्येक सभेत कळतं, आधी घसा साफ केला. "उमाबाई, मराठी वाचणारे उरलेत किती? माझी नातवंडं 'आजोबा' हे इंग्रजी अक्षरात लिहितात. ज्यांनी ते जुनं पत्रक वाचलं, ते निम्मे वर गेले. सुम्मने, उगाच, उकरून काय काढायचं? पांडुरंगराव गेले, सुखानं जाऊ दे की त्यांना."

मी म्हटलं, "सुखानं गेले नाहीत ते."

जयसिंगरावांनी पुढचा विषय घेतला. त्यांचं गणित चुकीचं नाही, काका. मी दुरुस्ती छापली तर ती वाचणार कोण? ज्यांच्यापर्यंत चूक गेली, त्यांच्यापर्यंत ती जाणार नाही. ज्यांच्यापर्यंत दुरुस्ती जाईल, त्यांना चूक आठवतही नाही. एका माणसाचा अपवाद. तिला चूक शब्द न्‌ शब्द पाठ आहे, आणि ती दुरुस्ती वाचू शकत नाही. म्हणजे छापायची असेल तर आधी तिला तोंडाने सांगायला हवी, आणि तिला सांगितल्यावर छापण्यासारखं फारसं उरत नाही.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. काकू पलंगाच्या कडेला बसून तुमचे सदरे हाताने चाचपत होती, कुणाला द्यायचे ते वेगळे काढत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. रेघ, झाडं, टेपेची घडी. देवळाची पायरीही सांगितली. तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं. हे सांगायला नको होतं असं तुम्ही म्हणाल. मग तुम्ही सांगायचं होतंत.

ती बराच वेळ एका सदऱ्याची कॉलर उलटसुलट करत राहिली.

"त्यांनी बघितलं?"

"हो. तीनदा."

"आणि मला राजकारण म्हणून सांगितलं."

"हो."

"दाखव मला," काकू म्हणाली.

"काकू..."

"दाखव. तुझ्या सांगण्यावर मी का विश्वास ठेवू? त्यांच्यासुद्धा सांगण्यावर कधी ठेवला नाही मी. शिवण मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती."

मी कॉम्प्युटर आणला. उजेड पूर्ण वाढवला, खिडक्या लावल्या. तिने तोंड पडद्याच्या इतकं जवळ नेलं की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. ते पांढरं बर्फ तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं.

"पांढरं आहे," ती म्हणाली.

"ते बर्फ. आता तो येतोय, डावीकडून. आता कॅमेरा हलला, काकू, आणि रेघ..."

"तू बोलू नकोस. मला बघू दे."

तो चालत गेला, थांबला, वळला, झाडांमागे गेला. रेघ झाडांवर राहिली. संपलं. काकू तशीच बघत होती.

"झालं?"

"झालं."

"परत लाव."

मी परत लावलं. मग आणखी एकदा. शेवटी ती मागे सरकली, पदराने तिने काच पुसली, मग डोळे पुसले, आणि परत सदऱ्यांना हात घातला.

"छाप तू," ती म्हणाली. "तुला छापल्याशिवाय राहवणार नाही, त्यांचीच तू. पण माझं नाव काढायचं नाही. शिवण अमुक बाईने बघितली होती, असं लिही. आणि तिला तुझं म्हणणं पटलेलं नाही, हेही लिही. पटणार कसं? मला दिसलंच नाही."

"लिहिते."

ते सगळं मी छापलं आहे, तिच्या पूर्ण नावासकट, वेगळ्या कागदावर. जयसिंगरावांनी वाटायला नकार दिला आहे, म्हणून मीच वाटीन. कुणाला, ते माहीत नाही.

सदरे वेगळे करून झाल्यावर काकूने विचारलं, "शिवण नव्हती, तर मग तो काय होता ग?"

"माहीत नाही, काकू."

"शोधून काढता येईल?"

"नाही."

"ह्यांना माहीत होतं?"

"नाही."

"माहीत नसतानाच गेले?"

तुम्ही असतात तर काहीतरी बोलला असतात. ताक मागितलं असतंत, पेपर उघडला असतात, राजकारण म्हणाला असतात. मला तसं काही येत नाही, काका, ते तुम्ही मला शिकवलं नाहीत.

मी म्हटलं, "हो."